अंगणवाडी आणि घराचे अंगण

विदर्भातील शाळा उन्हाचा तडाखा ओसरल्यावर, जूनच्या अखेरीस उघडतात. त्या दिवसांत खामगाव, चिखली, मलकापूर, मेहकर अशा कोणत्याही गावच्या बाजारपेठेत सकाळच्या वेळी उभे राहिले, तर एक दृश्य हमखास नजरेस पडते. पाठीवर न पेलणारे दप्तर, गळ्यात पाण्याची बाटली आणि टाय अशा थाटात तीन-साडेतीन वर्षांचे एखादे मूल रडत रडत रिक्षात कोंबले जात असते. बाजूला उभा असलेला बाप कौतुकाने सांगत असतो, 'पोराले कॉन्व्हेंटात टाकलं.' आपल्या वऱ्हाडात या शब्दाचा जोगिणींच्या मठाशी काडीइतका संबंध उरलेला नाही. लहान मुलांकडून इंग्रजी अक्षरे गिरवून घेणारा कोणताही खाजगी वर्ग म्हणजे कॉन्व्हेंट, मग तो दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात का भरेना! त्याच वेळी गावाच्या दुसऱ्या टोकाला अंगणवाडीची खोली उघडलेली असते. तिथे शेतमजुरांची दहा-बारा मुले खिचडी शिजण्याची वाट पाहत चटईवर बसलेली असतात.

या दोन चित्रांपैकी एक प्रगतीचे आणि दुसरे मागासलेपणाचे, असे मानण्याचा प्रघात पडला आहे. आमच्या मते दोन्हीकडे मुलाच्या आयुष्यातील एकच गोष्ट वाया जात आहे, आणि ती म्हणजे तीन ते सहा या वयातील मोलाची वर्षे. एका ठिकाणी अक्षरांचा मारा आहे, परंतु खेळ नाही. दुसऱ्या ठिकाणी आहार आहे, परंतु शिक्षणाला वेळ नाही. आणि या दोहोंपेक्षा मोठी जी शाळा, म्हणजे मुलाचे घर, तिने तर 'हे आपले काम नव्हे' असे समजून अंगच काढून घेतले आहे.

वास्तविक या विषयात महाराष्ट्राने दुसऱ्या कोणाकडून धडे घ्यावेत, अशी स्थिती नाही. माँटेसोरीबाईंनी रोममध्ये १९०७ साली पहिले बालगृह उघडले आणि गिजुभाई बधेकांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केले. त्या कामात ज्यांनी गिजुभाईंना साथ दिली, त्या ताराबाई मोडक पुढे महाराष्ट्रात परतल्या आणि १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. शहरातील बालमंदिराची महागडी साधने खेड्यात परवडणार नव्हती. म्हणून शंख, शिंपले, बिया, पाने, खडे, माती यांचीच त्यांनी साधने केली. वस्तीवरची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसताच त्यांनी उलट मार्ग धरला. बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली! गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर हेच काम आणखी विस्तारले. अंगणवाडी या कल्पनेचे मूळ असे आपल्याच मातीत आहे.

केंद्र सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्राला हेच नाव मिळाले. प्रारंभीच्या अवघ्या ३३ प्रकल्पांत आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील धारणीचा समावेश होता, ही गोष्ट वऱ्हाडने विसरू नये. योजनेत सहा सेवा सांगितल्या होत्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरजूंना दवाखान्यात पाठविणे, मातांना आहार व आरोग्याचे शिक्षण, आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण. या सहांपैकी पाच सेवा कमीअधिक प्रमाणात चालल्या; सहावी मागे पडली. ताराबाईंच्या अंगणवाडीत मुलाचे शिक्षण हा गाभा होता. योजनेच्या अंगणवाडीत तो गाभा नोंदवहीतील एक रकाना होऊन बसला. लोकांच्या तोंडी तर अंगणवाडीचे नावच 'खिचडीची शाळा' असे पडले.

दोष कोणाचा?

याचा सारा दोष सेविकांच्या माथी मारणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. एक सेविका आणि एक मदतनीस मिळून काय काय करतात, याचा हिशेब कोणी मांडला आहे काय? मुलांची वजने घ्यायची, उंची मोजायची, गरोदर व स्तनदा मातांच्या घरी जायचे, लसीकरणाच्या दिवशी बायकांना गोळा करायचे, शिधा वाटायचा, सर्वेक्षण करायचे, आणि पूर्वी जे वह्यांत लिहायचे ते आता मोबाइलवर भरायचे. एवढे करून उरलेल्या वेळात चटईवर बसून वेगवेगळ्या वयांच्या मुलांना गाणी, गोष्टी व खेळ द्यायचे! या कामाला सरकार पगार म्हणत नाही, 'मानधन' म्हणते. महाराष्ट्रातील सेविका ४ डिसेंबर २०२३ पासून सुमारे पन्नास दिवस संपावर होत्या, तेव्हा गावोगावच्या अंगणवाड्यांना कुलपे लागली. त्याआधी २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनीस यांना उपदानाचा कायदा लागू होतो, असा निर्णय दिला होता. न्यायालयाला जे काम म्हणून दिसले, ते शासनाला अद्याप पुरतेपणी काम म्हणून दिसलेले नाही.

मग पालकाने मूल तिथून काढले, तर त्याला तरी नावे का ठेवावीत? तो काही मूर्ख नाही. कॉन्व्हेंटमध्ये मूल ठरलेल्या वेळी जाते, ठरलेल्या वेळी परत येते, गणवेश घालते आणि पाहुण्यांसमोर दोन इंग्रजी गाणी म्हणून दाखवते. आपल्या पोटाला चिमटा घेऊन हा खर्च करणाऱ्या बापाला इतकेच समजते, की आपल्याला जे मिळाले नाही, ते मुलाला मिळत आहे. त्याची तळमळ खरी आहे. परंतु त्याने ज्यासाठी पैसे मोजले तो माल मात्र खोटा आहे.

खोटा अशासाठी, की साडेतीन वर्षांच्या मुलाचा हात लिहिण्यासाठी तयारच झालेला नसतो. मनगटातील हाडे अद्याप पुरती घडलेली नसतात, बोटांच्या स्नायूंत बळ आलेले नसते. अशा हातात पेन्सिल देऊन चार रेघांची वही भरून घेतली, की पान भरते. मूल मात्र लिहिण्याचा धसका घेते. एकपासून शंभरपर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला 'चार वाट्या आण' म्हणावे, आणि ते तीन आणते की सहा, हे पाहावे. पाठ म्हणणे निराळे आणि संख्या कळणे निराळे. अर्थ न कळता म्हटलेल्या इंग्रजी गाण्याचेही तसेच. ज्या भाषेत मूल रडते, रुसते, भूक लागल्याचे सांगते, त्या भाषेत त्याचे विचार करणे सुरू होते. तो झरा आटवून दुसरा पाट काढता येत नाही.

कायद्याची स्थितीही विचार करण्याजोगी आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा या वयातील शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. सहा वर्षांखालील मुलांसाठी मात्र राज्याने 'प्रयत्न करावा' एवढेच अनुच्छेद ४५ मध्ये राहिले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातील अकराव्या कलमानेही पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था शासन 'करू शकेल' असेच म्हटले आहे. पुढे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही पाच वर्षे एक सलग पायाभूत टप्पा मानली, आणि मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास सहा वर्षांच्या आत होतो, असे नमूद केले. धोरण बदलले. तथापि गावात अंगणवाडी महिला व बालविकास विभागाची आणि शेजारची पहिली इयत्ता शिक्षण विभागाची, ही भिंत उभीच आहे. कित्येक गावी दोन्हींचे आवार एक असते. पण पहिलीच्या गुरुजींना आपल्या वर्गात उद्या येणारी मुले आज पलीकडच्या खोलीत काय करीत आहेत, हे ठाऊक नसते.

घरातली साधने

शासनाने काय करावे, याची यादी लांबवता येईल. तिच्याकडे आम्ही वळणारच आहोत. पण मूल दिवसातले तीन-चार तास अंगणवाडीत असते आणि उरलेला सारा वेळ घरात. या घरात शिकण्याची साधने नाहीत, असे समजणे हा आपला मोठा भ्रम होय.

सुपात ज्वारी, तूर, मूग आणि हरभरा एकत्र करून चार वर्षांच्या मुलापुढे ठेवावेत व चार वाट्यांत निवडायला सांगावे. रंग, आकार, लहानमोठेपणा ओळखून वर्ग पाडणे, म्हणजे पुढच्या गणिताची आणि विज्ञानाची पहिली पायरी, ती इथे चढली जाते. शिवाय चिमटीत दाणा धरताना तीच बोटे तयार होतात, जी उद्या पेन्सिल धरणार आहेत. (तीन वर्षांच्या आतील मुलाजवळ मात्र दाणे देऊ नयेत, ते नाकात-तोंडात जातात.) भाकरीच्या पिठाचा एक गोळा मुलाला मिळाला, तर वळणे, थापणे, दाबणे यांतून हाताला बळ येते. घरात पाच माणसे जेवायला बसणार असतील, तर प्रत्येकासमोर एकेक ताट मांडण्याचे काम मुलाकडे द्यावे. एकास एक जोडण्याचा हा धडा कोणत्याही रंगीत पुस्तकापेक्षा पक्का बसतो. चिंचोके, सागरगोटे, कवड्या, कापसाची बोंडे, जुन्या कापडाच्या चिंध्या, यांची किंमत शून्य आणि मोल फार.

आपले सण तरी काय सांगतात? पोळ्याला मातीचे बैल घडविणारे मूल आकार आणि तोल शिकते. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाई मांडली जाते. त्या गाण्यांत लय आहे, साखळीने वाढत जाणाऱ्या ओळी आहेत, आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखण्याचा खेळ आहे. डबा हलवून, वास घेऊन, प्रश्न विचारून आत काय ते ओळखणे, हे अनुमान करण्याचे शिक्षण नव्हे तर काय? जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या दिवशी शेतात धान्ये मांडून दुसऱ्या पहाटे वर्षाचे भाकीत ऐकायला दुरून शेतकरी जमतात. त्या भाकितावर कोणी विश्वास ठेवावा की ठेवू नये, हा वेगळा प्रश्न. परंतु गावाचे पुढचे वीस वर्षांचे भाकीत पाहायचे असेल, तर ते अंगणवाडीच्या चटईवरच पाहावे लागेल.

सर्वांत मोठे साधन म्हणजे बोलणे. मूल 'हे काय? ते काऊन?' असे विचारू लागले, की आपल्याकडे 'चूप बस' हे उत्तर तयार असते. आणि अलीकडे तर उत्तरही द्यावे लागत नाही, हातात मोबाइल दिला की काम भागते. दोन ते चार वर्षांच्या मुलांनी बसून पडद्याकडे पाहण्याचा वेळ दिवसाला एका तासाहून अधिक नसावा, तो जितका कमी तितका चांगला, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे. पडदा बोलतो, पण ऐकत नाही. मुलाला ऐकणारा माणूस हवा असतो. शेताच्या वाटेवर, चुलीपाशी, आंघोळीच्या वेळी त्याच्याशी पूर्ण वाक्यांत बोलणे, निजताना एखादी गोष्ट सांगून मध्येच 'मग काय झालं असेल?' असे विचारणे, 'भ'ने सुरू होणारे शब्द, जसे भाकर, भेंडी, भुईमूग, खेळात शोधणे, याला पैसा लागत नाही. आईबापांनी शाळा शिकलेली असण्याचीही गरज नाही.

आणि हे बोलणे घरच्याच बोलीत व्हावे. 'मले', 'तुले' म्हणणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी 'अशुद्ध बोलू नकोस' म्हणून गप्प केले, की ते वर्षभर तोंड उघडत नाही. प्रमाण भाषा शिकवावीच, पण ती बोलीच्या खांद्यावर बसवून. तांड्यावरच्या गोरमाटी बोलणाऱ्या मुलाची अडचण याहून मोठी, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या मुलांची तर विचारूच नये. जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या त्या पट्ट्यात कोरकू आहे, भिलाली आहे, आणि निहाली आहे. निहाली ही तर जगातील कोणत्याही ज्ञात भाषाकुलाशी नाते न जुळणारी भाषा म्हणून भाषाशास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा विषय झाली आहे. जी भाषा विद्वानांना अपूर्व वाटते, ती बोलणारे मूल आपल्या वर्गात मुके ठरते, ही केवढी विसंगती!

घरच्या खेळाने खरोखर काही फरक पडतो काय, अशी शंका कोणी घेईल. जमैका या गरीब देशाच्या राजधानीत, किंग्स्टन येथे, १९८६-८७ साली कुपोषणाने वाढ खुंटलेली १२९ मुले निवडण्यात आली. त्यांतील काहींच्या घरी आरोग्य कार्यकर्ती दोन वर्षे दर आठवड्याला तासभर जाई, घरगुती वस्तूंची खेळणी नेई आणि मुलाशी कसे खेळावे व बोलावे हे आईला दाखवी. काहींना केवळ पूरक आहार मिळाला. ती मुले वयाच्या विशीत आली, तेव्हा त्यांची पुन्हा पाहणी झाली. ज्यांच्या घरी खेळ पोचला होता, त्यांची कमाई तसे न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त निघाली. नुसत्या आहाराचा मात्र असा टिकाऊ परिणाम दिसला नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने अंगणवाडीतील खिचडीचे महत्त्व कमी होत नाही. उपाशी मूल खेळणार तरी कसे? पण पोट भरल्यावर खेळ आणि संवाद मिळाला नाही, तर खिचडीचेही अर्धे मोल वाया जाते, हा त्याचा अर्थ आहे.

भार एकट्या आईवर नको

हे सारे वाचून कोणी म्हणेल, 'म्हणजे आईनेच करायचे!' आपला जिल्हा जिजाऊंचे माहेर. दर १२ जानेवारीला सिंदखेडराजा येथे लोटणारी गर्दी आई हीच पहिली गुरू असल्याचे सांगते, आणि ते खरेच आहे. पण सोयाबीनच्या निंदणीला सकाळी आठला घर सोडून दिवेलागणीला परतणाऱ्या बाईला जिजाऊंचा दाखला देऊन मोकळे होणे, ही क्रूर थट्टा होय. तिच्या पदरी वेळ कोठला? दिवाळीनंतर ऊसतोडीला नाही तर वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाचे मूल तर अंगणवाडीच्या पटावर राहते आणि प्रत्यक्षात उसाच्या फडात असते. त्याच्यापर्यंत ना खिचडी पोचते, ना गाणे. म्हणून घरचा वाटा म्हणताना त्यात बाप आला, आजी-आजोबा आले, मोठी भावंडे आली. पारावर तासन्‌तास बसणाऱ्या पुरुषाने त्यातली वीस मिनिटे आपल्या लेकराला दिली, तर त्याच्या मर्दुमकीला काही बाध येणार नाही.

आमचे वाचक बहुतांशी शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी आहेत. त्यांच्याकडून आमच्या अपेक्षा अशा. पहिलीच्या शिक्षकांनी महिन्यातून एकदा तरी शेजारच्या अंगणवाडीत जाऊन बसावे, सेविकेला बरोबरीची सहकारी मानावे, आणि पहिलीच्या आरंभीचे काही आठवडे वह्या बाजूला ठेवून खेळ व गोष्टी यांना द्यावेत. कचेरीतल्या मंडळींनी संध्याकाळी घरी आल्यावर चार वर्षांच्या मुलाला 'आज काय लिहिलंस?' असे विचारण्याऐवजी 'आज काय खेळलास?' असे विचारावे, आणि त्याला शिकवणी लावण्याचा विचार सोडून द्यावा. महाविद्यालयीन तरुणांनी सुटीत गावी गेल्यावर आजीकडून उखाणे, कोडी, बडबडगीते उतरवून घ्यावीत आणि आठवड्यातून एक सकाळ अंगणवाडीच्या चटईवर ती म्हणावीत. यासाठी कोणाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही.

जिल्हा परिषदेकडे मात्र मागणे आहेच. अंगणवाडीत रोज सकाळचे दोन तास केवळ मुलांसाठी राखून ठेवावेत. त्या वेळेत बैठक, सर्वेक्षण वा मोबाइलवरची माहिती सेविकेकडून मागू नये. सातपुड्यातील आणि तांड्यांवरील अंगणवाड्यांत मुलांची बोली जाणणारी बाई असावी. स्थलांतराच्या हंगामात, जिथे मजूर जातात त्या जिल्ह्याला मुलांची नावे आधीच कळवावीत, म्हणजे फडापाशीही अंगणवाडी भरवता येईल. खाजगी बालवर्गांना जागा, शिक्षिका आणि खेळ यांच्या किमान अटी असाव्यात. आणि सेविकेच्या मानधनाचे एकदा वेतन करावे. गावातल्या सर्वांत लहान नागरिकांना घडविणारी व्यक्ती सर्वांत कमी मोबदल्याची असावी, हे कोणत्याही शहाण्या समाजाला शोभत नाही.

एवढे होईपर्यंत थांबण्याची मात्र गरज नाही. पेरणीची वेळ चुकली की दुबार पेरणी करता येते, हे आपल्या शेतकऱ्याला कडू अनुभवाने ठाऊक आहे. मुलाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाची दुबार पेरणी फार महागात पडते, आणि पुष्कळदा ती उगवतही नाही. ताराबाई आणि अनुताईंनी ऐंशी वर्षांपूर्वी शिंपले आणि बिया घेऊन आदिवासींच्या अंगणात जे सुरू केले, त्यासाठी लागणारे सर्व सामान बुलढाणा जिल्ह्यातील प्रत्येक घरात आजही आहे. आज संध्याकाळी सुपात चार धान्ये घ्यावीत आणि लेकराला शेजारी बसवावे.